पळपुट्या

बायका आल्या नाहीत.

सूर्य कासराभर वर आला तरी मी बांधावर अकरा टोपल्या ओळीनं मांडून एकटाच उभा. बटाट्याचा पाला वाळून आठ दिवस झाले होते. पश्चिमेला रोज दुपारनंतर आभाळ भरून यायचं, आमच्या डोक्यावर थोडं घुटमळायचं आणि निघून जायचं. एकदा का ते बरसलं की जमिनीतला माल जमिनीतच सडणार. काढणीला अकरा बायकांची टोळी ठरली होती, शब्द दिला होता, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही.

बायको पाण्याची कळशी घेऊन आली. म्हणाली, "वाट काय बघताय? पाहुणे यायचेत का?"

"येतील."

"येतील म्हणे. ते घरात असताना?" एवढं बोलून तिनं मागं पाहिलं, कारण 'ते' तिच्या मागूनच खांद्यावर कुदळ टाकून येत होते.

'ते' म्हणजे माझा धाकटा भाऊ. चार दिवसांपूर्वी सात वर्षं तुरुंगात काढून आला होता. लहानपणापासून गाव त्याला 'वारा' म्हणायचं. दहा हजार मीटर पळायचा. शाळेची शर्यत जिंकला, मग जिल्ह्याची, मग राज्याची, आणि देशाच्या संघात नाव लागलं तेव्हा गावानं त्याला खांद्यावर घेऊन इतकं नाचवलं की माझा खांदा दोन दिवस दुखत होता. मग ते झालं. गावानं नाव बदललं. पळपुट्या. शब्द शोधायला गावाला फार लांब जावं लागलं नाही.

झालं ते असं. सात वर्षांपूर्वीच्या एका संध्याकाळी, शर्यत जिंकून, दारू पिऊन तो आमची जीप चालवत घरी येत होता. कालव्याच्या वळणावर कामावरून परतणारी एक बाई त्यानं उडवली आणि गाडी तशीच पुढं आणली. बाई सकाळी सापडली. डॉक्टर कोर्टात म्हणाले, चार-पाच तास जिवंत होती, वेळेवर दवाखान्यात आणली असती तर वाचली असती. दवाखाना तिथून दीड मैलावर. पेपरात मोठ्या अक्षरांत आलं, धावपटू पळाला. न्यायाधीशांनीही निकालात त्या पळण्यावरच बोट ठेवलं आणि शिक्षा वाढवली.

तेव्हापासून आमच्या घरात तो शब्दच बंद आहे. वासरू पळालं की बायको म्हणते वासरू सुटलं. मुलीच्या शाळेत शर्यती असल्या की मुलीचं हमखास पोट दुखतं, आणि तिला खोटं पाडायची आमच्यात कुणाची छाती नाही.

तर त्या दिवशी आम्ही तिघांनीच काढणी धरली. तो पुढं कुदळ मारायचा, मागून आम्ही दोघं माती चाळवून बटाटे वेचायचो. त्याचे खांदे पुढं झुकले होते, मानेवरचे केस पांढरे पडले होते, वय सांगा तर एकतीस. पोटऱ्या तेवढ्या तशाच होत्या, पीळ घातलेल्या. कुदळ मात्र जपून टाकायचा. तासाभरात त्याचा एक बटाटा कापला गेला नाही. माझे सहा गेले.

ऊन डोक्यावर आलं. तो थांबला, माझ्याकडं वळला आणि म्हणाला, "दादा, पाणी पिऊ?"

घरच्या कळशीतलं पाणी प्यायला तो मला विचारत होता.

"पी की. मी काय जेलर आहे?" मी बोलून गेलो आणि जीभ चावली. माझं हे असंच. राग दुसऱ्याच कुणाचा असतो आणि निघतो तिसऱ्यावर. तो दोन ओंजळी पाणी प्यायला, कळशीवर झाकण ठेवलं, ते सरळ बसलंय का ते पाहिलं आणि परत कुदळ उचलली.

संध्याकाळपर्यंत तीन सऱ्या झाल्या. राहिल्या त्रेचाळीस.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी मुकादमीणबाईच्या दारात गेलो. टोळी तिची. ती अंगणात भांडी घासत होती. मला पाहिलं, मान खाली घातली आणि एक पातेलं असं जोरानं घासायला घेतलं की त्याला भोक पडेल. बस म्हणाली नाही. मी कुंपणाशी उभा राहिलो. शेजारची म्हातारी भिंतीवरून डोकावून गेली, मग तिची सून डोकावली. गाव मला गेली सात वर्षं 'बिचारा थोरला' म्हणत होतं, त्यामुळे अशा उभं राहण्याची मला सवय राहिली नव्हती.

"मावशी, शब्द दिला होता तुम्ही."

"दिला होता. तेव्हा तो घरात नव्हता."

"शिक्षा भोगून आलाय तो. अजून किती दिवस..."

"ती माझ्या टोळीतली होती," मुकादमीण म्हणाली. "त्या संध्याकाळी मीच तिला म्हटलं होतं, तू हो पुढं, मी सुट्टी करून येते. तुमच्या भावाला सात वर्षांनी घर मिळालं. तिला काय मिळालं सांगा. का तिला पण बोलावताय काढणीला?"



तिनं पातेलं पालथं घातलं. "माझ्या बायका त्याच्या शेजारच्या सरीत बसणार नाहीत. सायकलवाला हो म्हणाला तर बघू. बाई त्याची गेली, बोलायचा हक्क त्याचा."

सायकलवाला म्हणजे त्या बाईचा नवरा. चौकात त्याचं सायकली दुरुस्त करायचं दुकान. सात वर्षं मी त्या चौकातून गेलो नाही. टायर पंक्चर झाला तर मी सायकल ढकलत पलीकडच्या गावात नेतो. लोक म्हणतात, थोरल्याला किती लाज आहे बघा.

त्याच दुपारी सर शेतात आले. भावाला पळायला शिकवलं ते हेच सर. आता गुडघे गेलेत, काठी घेऊन चालतात, तरी शिट्टी अजून गळ्यात. ढेकळांतून तोल सांभाळत आले, बांधावर बसले आणि बूट काढून त्यातली माती झटकली. भाऊ कुदळ खाली ठेवून, हात मागं बांधून उभा राहिला. ती उभं राहायची तऱ्हा तुरुंगातली. सरांनी पाहिलं आणि नजर दुसरीकडं वळवली.

"माझ्याच्यानं आता होत नाही रे," सर म्हणाले. "बावीस मुलंमुली पळायला येतात. मी खुर्चीत बसून शिट्टी मारतो, ती निम्म्यातून परत येतात आणि सांगतात पूर्ण फेरी मारली. शाळेला शिकवणारा पाहिजे. मी तुझं नाव दिलंय."

बायकोच्या हातातली टोपली कलंडली. मी म्हणालो, "सर, गाव ऐकेल का?"

"निम्मं ऐकेल. किराणा दुकानदार म्हणतो, दारू पिऊन माणूस मारणाऱ्याच्या हाती पोरं द्यायची म्हणजे कमाल झाली. मी म्हटलं, मग शिक्षा कशाला दिली होती, हौस म्हणून? तर म्हणतो, शिक्षा संपली म्हणजे गुण आला असं कुठं लिहिलंय. आता यावर काय बोलशील? तोही खोटं बोलत नाही." सरांनी बूट चढवला. "मुख्याध्यापिका बाईंनी शुक्रवारी दुपारी सगळ्यांना बोलावलंय. सायकलवाल्यालाही. त्याची हरकत नसली आणि त्यानं तसं लिहून दिलं, तरच."

"मी नाही धावणार सर," भाऊ म्हणाला. पाच दिवसांत त्याच्या तोंडून निघालेलं हे सगळ्यांत लांब वाक्य. "पण शिकवेन. मला शिकवायचंय."

 घरी आल्यापासून त्यानं पहिल्यांदा काही मागितलं होतं, आणि ते माझ्याकडं नव्हतं मागितलं हे बरं झालं.

आता सांगून टाकतो. सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

तो पळाला नव्हता.

त्या संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला मी शेडमध्ये बटाटे निवडत होतो. बायको मुलीला घेऊन माहेरी गेलेली. जीप आली, डावा दिवा फुटलेला. तो दार उघडून पळतच आला. तोंडाला दारूचा वास, पण बोलणं स्पष्ट. "दादा, चल लवकर. कालव्याजवळ एक बाई पडलीय. माझ्याकडून लागलं. जिवंत आहे, हात हलवत होती. मला एकट्याला उचलवेना. तू चल." माझा हात धरून ओढत होता. मी हात सोडवून घेतला. महिन्यावर त्याची परदेशातली शर्यत होती. मला त्या क्षणी बाई दिसली नाही, मला त्याचं देशाचं चिन्ह लावलेलं जाकीट दिसलं. मी म्हणालो, "एव्हाना कुणीतरी पाहिलं असेल. तू गेलास की संपलास." तो ऐकेना. मग मी त्याला आतल्या कोठीत ढकललं आणि बाहेरून कडी लावली. त्यानं बराच वेळ दार बडवलं. मी बादलीभर पाणी घेऊन जीप धुतली. दीड मैलावर दवाखाना होता आणि माझ्या खिशात जीपची किल्ली होती.

कोर्टात त्यानं सांगितलं, मी भीतीनं पळून आलो, घरात कुणाला माहीत नव्हतं. मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जाऊन तेच म्हणालो. तुरुंगात भेटायला गेलो तेव्हा जाळीच्या पलीकडून त्यानं एकदाच विषय काढला. "दादा, गाडी मी चालवत होतो," म्हणाला. बस. पुढं माझ्या मुलीची चौकशी केली.

बायकोला यातलं काही माहीत नाही. ती समजते की माझ्या कपाळावरच्या आठ्या भावाच्या काळजीनं पडल्यात.

शुक्रवारी सकाळी आम्ही चार सऱ्या काढल्या. आभाळ भरून आलं होतं, कोंदट होतं, घाम डोळ्यांत उतरत होता. बायको घरी गेल्यावर मी भावाला विचारलं, "तिथं काही खोदून विचारलं तर?"

"जे कोर्टात सांगितलं तेच सांगेन."

मला हायसं वाटलं. खोटं का बोलू, हायसंच वाटलं.

शाळेत आम्हाला तिसरीच्या वर्गात बसवलं. बाकं लहान मुलांची. माझे गुडघे हनुवटीशी आले. फळ्यावर कुणीतरी सुंदर अक्षरात पाढे लिहून ठेवले होते. मुख्याध्यापिका बाई टेबलामागं, शेजारी सर, खिडकीशी किराणा दुकानदार हाताची घडी घालून. सायकलवाला शेवटी आला. बरोबर मुकादमीण. त्याच्या बोटांच्या पेरांत काळं वंगण होतं, शर्ट मात्र धुतलेला, इस्त्रीचा. माणूस वाळून गेला होता. तो माझ्याकडं पाहून मान हलवून ओळख द्यायला लागला, तेव्हा मी खाली पाहून चपलेचा पट्टा ओढला.

दुकानदार म्हणाला, "मी उगाच वैर धरत नाही. पण उद्या एखादं पोर याला विचारेल, काका, तुम्ही का थांबला नाहीत? हा काय उत्तर देणार?"

"खरं तेच देईल," सर म्हणाले. "आणि ते पोर जन्मात विसरणार नाही. मी तीस वर्षं भाषणं देतोय, त्यातलं एक तरी कुणाच्या लक्षात आहे का?"

"तुमची भाषणं माझ्या लक्षात आहेत," दुकानदार म्हणाला, "एक संपायचं नाही." बाई हसल्या, सरही हसले. मग सायकलवाल्यानं घसा खाकरला.

"मला जास्त बोलता येत नाही," तो म्हणाला. "याला संधी द्या, देऊ नका, माझी बायको त्यानं परत येत नाही. शिक्षा कोर्टानं दिली, त्यानं भोगली. मला एकच विचारायचंय. सात वर्षं विचारायचं होतं." तो भावाकडं वळला. "तू घरी पोचलास तेव्हा ती जिवंत होती. घरी कुणाला सांगितलंस?"

वर्गात पंखा फिरत होता, त्याचा खटखट आवाज.

"सांगितलं असशील," सायकलवाला पुढं म्हणाला, "आणि ऐकून कुणी आलं नसेल, तर मला कळू दे. घाबरून एकजण पळतो ते मी समजतो. मीही माणूस आहे. पण दोघातिघांनी घरात बसून ठरवलं असेल की मरू दे तिला, तर मी सही करणार नाही. मग त्या घरातल्या कुणाचंच तोंड मला बघायचं नाही."

भावानं लगेच उत्तर दिलं नाही. हात मागं बांधून उभा होता. फळ्याकडं पाहत होता. किती वेळ गेला कोण जाणे, मला तर अख्खी दुपार वाटली.

माझं तोंड उघडलं होतं. शपथेवर सांगतो, शब्द ओठापर्यंत आला होता. निघाला तो ठसका. असा ठसका लागला की डोळ्यांत पाणी आलं. मुख्याध्यापिका बाई घाईनं उठल्या आणि त्यांनी मला पाण्याचा पेला दिला. "सावकाश घ्या," म्हणाल्या. मी ते पाणी सावकाश प्यायलो.

"कुणाला सांगितलं नाही," भाऊ म्हणाला. "घरात कुणाला माहीत नव्हतं."

"म्हणजे तू एकटाच पळालास."

"हो. मी पळालो."

आमच्या घरातल्या माणसाच्या तोंडून तो शब्द मी सात वर्षांनी ऐकला. पेला माझ्या हातात होता आणि तो कुठं ठेवावा ते मला सुचेना.

सायकलवाल्यानं बराच वेळ भावाच्या तोंडाकडं पाहिलं. मग कागद ओढून घेतला आणि एकेक अक्षर गिरवत सही केली. मुकादमीण भिंतीकडं तोंड करून डोळे पुसत होती. दुकानदार म्हणाला, "ठीक आहे, सहा महिने बघू." सरांनी भावाला जवळ घेतलं नाही, गळ्यातली शिट्टी काढून त्याच्या खिशात घातली आणि काठी टेकत बाहेर निघून गेले.

दारात सायकलवाल्यानं मला थांबवलं. "तुमचे बटाटे अजून जमिनीतच आहेत म्हणे. घरातल्यांचा काय दोष? मी सांगतो मावशीला."

परतताना आम्ही कालव्याच्या रस्त्यानं आलो. भाऊ नेहमीसारखा माझ्या एक पाऊल मागं. वळण आलं, गेलं. मी म्हणालो, "तू का नाही सांगितलंस?"

"तुझी मुलगी त्याच शाळेत जाते." मग थोडं चालून झाल्यावर तो म्हणाला, "उत्तर द्यायच्या आधी मी थांबलो होतो, दादा. तुला वेळ मिळावा म्हणून."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी उलट ओरडलो असतो, मला ते चांगलं जमतं. मी नुसता चालत राहिलो. माझी मलाच किळस आली होती आणि ती कुठं टाकून द्यायला जागा नव्हती.

शनिवारी बायका आल्या. अकराच्या अकरा, उन्हं पडायच्या आत. टोपल्या घेऊन त्या सऱ्यांत पसरल्या. भावाच्या शेजारची सरी मुकादमीणनं स्वतः धरली. बोलली नाही त्याच्याशी, पण त्याची टोपली भरली की दुसरी रिकामी सरकवून द्यायची. माझ्या बायकोनं सगळ्यांना चहा केला. किती दिवसांनी तिच्या हातून कपबशा वाजत होत्या.

आणि मग पाहतो तर सायकलवाला. दुकान बंद करून आला होता, बाह्या दुमडलेल्या. "हात कमी पडतील म्हटलं," म्हणाला. "आभाळाचा भरवसा नाही."

पोती भरायला दोन माणसं लागतात. एकानं पोतं दोन्ही हातांनी ताणून धरायचं, दुसऱ्यानं टोपली उचलून त्यात ओतायची. बायको चुलीशी होती, भाऊ कुदळीवर. सायकलवाला माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मी पोतं धरलं, तो ओतत गेला. बटाटे धडधडत माझ्या पोटाशी येऊन पडायचे. त्याची काळी बोटं टोपलीच्या काठावर माझ्या नाकासमोर यायची आणि जायची. वीस पोती झाली, तीस झाली. माझे तळहात सोलले, तरी मी कुणाला धरायला दिलं नाही. तेवढंच करता येण्यासारखं होतं, आणि ते काहीच नव्हतं.

दुपारी त्यानं टोपली कमरेला लावून घाम पुसला. भाऊ आमच्यापासून चार हातांवर कुदळ चालवत होता.

"तुमच्याबद्दल मला नेहमी वाटायचं," सायकलवाला हळू आवाजात म्हणाला. "दुकानावरून जात नव्हता तुम्ही. पंक्चर सायकल ढकलत लांब न्यायचा, माझ्या कानावर यायचं. करणारा करून गेला आणि मान खाली घालायची तुम्ही. तुम्हीही सात वर्षं भोगलंत."

चार हातांवरची कुदळ थांबली.

आता नव्हता ठसका. आता शाळा नव्हती, कागद नव्हता, बाई नव्हत्या पाण्याचा पेला घेऊन. समोर तो एकटा होता, आणि मला वेळ मिळावा म्हणून माझा भाऊ पुन्हा थांबला होता.

"हो," मी म्हणालो. "भोगलं."

कुदळ परत सुरू झाली. सायकलवाल्यानं समजुतीनं मान हलवली, वाकून भरलेली टोपली छातीपर्यंत उचलली आणि थांबला. माझ्या हातातलं पोतं मिटून गेलं होतं. मी ते मुठीत घट्ट आवळून धरलं होतं. टोपलीच्या ओझ्यानं त्याचे हात थरथरायला लागले.

"दादा," तो म्हणाला, "तोंड उघडा ना."

मी पोत्याचं तोंड उघडलं.